बसल्या जागी अमेरिका

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं, आपण शेजारतीबद्दल बोलतोय. रोज रात्री देवाला निजवायची रीत पुष्कळ देवळांत आहे. ही निद्रा तशी नाही. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवतात आणि पलंगावर निजवतात, ती घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत तिथंच. ही घोरनिद्रा. मग नवरात्रभर जागरण आणि युद्ध. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा पलंगावर, ती थेट अश्विनी पौर्णिमेपर्यंत. ही श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी आणखी एकदा, ती मोहनिद्रा. मूर्ती चल आहे, जागेवरून हलवता येते, म्हणून हे जमतं. एकदा बसवलेला देव हलवायचा नाही, असा नियम मानणाऱ्यांना हे सगळंच नवलाचं वाटतं.

निद्रेच्या आधी देवीच्या गाद्या उसवतात. आतला कापूस बाहेर काढून पिंजतात आणि पुन्हा भरतात. बायका घोळक्यानं बसतात, मधे गाठोळ्या झालेल्या कापसाचा ढीग, तोंडानं आराधी गाणी. एकेक गाठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, हलकेच ओढायची, ती फुलली की बाजूला टाकायची. तासाभरात सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरं भुरभुर जमतं आणि तरण्या सुनासुद्धा म्हाताऱ्या दिसायला लागतात. झोपेची एवढी तयारी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. आमच्याकडे तर पाहुणे आले की सतरंजी टाकून मोकळे.

लहानपणी मला एक कोडं होतं. युद्ध करून दमल्यावर देवी झोपते, हे समजण्यासारखं आहे. पण आधी कशाला झोपते? आजीला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पुढं नऊ दिस डोळ्याला डोळा लागायचा न्हाई तिच्या. म्हणून आधीच झोपून घेती. तुझ्यासारखी का हाय ती, जत्रंला निघायच्या राती नाचत बसाया?"

हे उत्तर आठवलं ते पुढं कितीतरी वर्षांनी, लेकीनं कॅलिफोर्नियातून एक तक्ता पाठवला तेव्हा. आम्ही पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो होतो. तक्त्यात कपड्यांची यादी नव्हती, कागदपत्रांचीही नव्हती. निघायच्या आधी चार दिवस किती वाजता झोपायचं, किती वाजता उठायचं, विमानात कधी डोळे मिटायचे, उतरल्यावर उन्हात कधी जायचं आणि कधी जायचं नाही, एवढंच होतं. रोज तासभर उशिरा झोप, तासभर उशिरा ऊठ, असा साधा हिशेब. धाराशिवच्या घरात तो साधा राहत नाही. नळाला पाणी येईल त्या वेळेला घर जागं होतं आणि पाणी तक्ता बघून येत नाही. दूधवाला आहे, मोलकरीण आहे, 'निघालात म्हणे' असं म्हणत सकाळी सातला चहाला टेकणारे लोक आहेत. तरी दोन-अडीच तास मी घड्याळ पुढं ढकललंच. नवऱ्यानं तक्ता वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि नेहमीप्रमाणे साडेनऊला घोरायला लागला.

आमच्या जिल्ह्यातून परदेशी जायचं म्हणजे आधी जिल्ह्यातून बाहेर पडायचं. मुंबईला जायचं तर रात्रीची लातूर एक्स्प्रेस, नाहीतर ट्रॅव्हल्स. हैदराबादला जायचं तर नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद असा सरळ हमरस्ता. नळदुर्गकडच्यांना हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. कुठूनही गेलात तरी लांब पल्ल्याची पुष्कळशी विमानं मध्यरात्रीनंतर, माणूस उगाचच रडवेला होतो त्या वेळेला सुटतात. त्याआधी तीन तास विमानतळावर, त्याआधी रस्ता, त्याआधी आदल्या रात्रीची भराभरी. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, मेतकूट. बॅग किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन तोलायची, तेवीस किलोच्या वर काटा गेला की भर रस्त्यात उघडून पिठाची एक पिशवी काढायची, बघणाऱ्यांनी 'चटणी काढा, पीठ राहू द्या' असे सल्ले द्यायचे. असा माणूस विमानात पाऊल ठेवतो तेव्हाच त्याची दीड रात्र बुडालेली असते. मग परत आल्यावर तो सांगतो, मला जेट लॅग लई झाला. त्यातला निम्मा शीण ट्रॅव्हल्सचा असतो.

शीण आणि जेट लॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागातल्या माणसाला तरी लवकर समजायला हवं. घरी गोंधळ घातला की आपण रात्रभर जागतो. संबळ वाजत असते, दिवटी पेटलेली असते, पहाटे आरती होते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून जी आडवं व्हायचं ती दिवेलागणीला उठायचं. हिशेब फिटला. कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत येणारे हजारो लोकही असेच एका झोपेत ताजे होतात. बुडालेली झोप भरून काढता येते. जेट लॅगमध्ये झोप बुडालेली नसते, ती भलत्या जागी गेलेली असते. दहा तास झोपलात तरी दुसऱ्या दिवशी तीच गत, कारण पोटात, मेंदूत, यकृतात अजून धाराशिवचंच घड्याळ चालू असतं.

हे घड्याळ आत आहे, बाहेरच्या उजेडाची ती नुसती सावली नाही, याचा पहिला पुरावा एका लाजाळूच्या झाडानं दिला. आपल्याकडे बांधाबांधाला उगवणारी, पोरांनी पाय लावून छळलेली लाजाळू. 1729 साली फ्रान्समध्ये दे मेराँ नावाच्या शास्त्रज्ञानं असं एक झाड अंधारात ठेवून दिलं. ऊन नाही, तरी पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. झाडाला वेळ कोण सांगत होतं? माणसाच्या बाबतीत तोच प्रश्न मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणानं 1962 मध्ये स्वतःवर करून पाहिला. आल्प्समधल्या एका गुहेत तो घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. सप्टेंबरच्या मध्यावर त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं अजून ऑगस्टही संपला नव्हता. दिवसांची मोजणी साफ चुकली होती, पण झोपण्या-उठण्याचं चक्र चोवीस तासांच्या आसपासच फिरत राहिलं होतं. पुढं पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर काम करून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते उलगडलं. एक प्रथिन रात्री पेशीत साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःचीच निर्मिती थांबवतं, मग हळूहळू विरतं, की पुन्हा सुरुवात. 2017 चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी.

माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो या सगळ्या घड्याळांचा मुकादम. त्याची खबर डोळ्यांवाटे येते. डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की त्यांना दिसण्याशी फारसं कर्तव्य नाही, उजेड किती आहे एवढंच त्या कळवत राहतात. मुकादमाला नवा उजेड समजायला वेळ लागतोच, आणि त्यानं हाकलं तरी टोळीतले सगळे एकदम उठत नाहीत. झोप एका दिवशी जुळते, पोट तिसऱ्या दिवशी, मलशुद्धीचं तर विचारूच नका. ढोबळ मानानं दिवसाला एक तास, फार तर दीड, एवढंच हे घड्याळ सरकतं. विमानाचा वेग कितीही असो, याचा वेग बदलत नाही.

म्हणूनच जुन्या लोकांना हा आजार माहीत नव्हता. आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे पूर्वीचं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथलं कापड गाड्यांनी भडोचला जातं, असा उल्लेख आहे. तो माल पुढं रोमपर्यंत गेला तरी बैलाला आणि गाडीवानाला वेळ बदलल्याचं जाणवण्याचं कारण नव्हतं. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिन्यांत त्यांनी पृथ्वीचा पावणेअकरा तासांचा फेरा मारला. भागाकार केला तर रोज दहा-अकरा मिनिटं. शरीराला दिवसाला साठ मिनिटं पेलतात, बोट दहा मागत होती. त्या प्रवासात त्यांना दुसरा त्रास पुष्कळ झाला असेल, हा एक मात्र झाला नाही. 8 जून 1948 ला एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेली आणि घड्याळाच्या पुढं पळायची सोय आपल्याकडेही झाली. विमानानं आपल्याला जे दिलं त्याची बरीच स्तुती झाली आहे. मला मात्र बोटीची ती रोजची दहा मिनिटं फार सुसंस्कृत वाटतात.

कॅलिफोर्निया आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर पडतं. म्हणजे जवळजवळ उलटं जग. दुबईहून सॅन फ्रान्सिस्कोचं उड्डाण पंधरा-सोळा तासांचं. बसल्या बसल्या मी मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेला लावलं, कारण तक्त्यात तसं होतं. याचा उपयोग शरीराला नाही, मनाला होतो. 'आत्ता घरी भाकरी टाकली असती' हा विचार जितका उशिरा येईल तितका बरा. खिडक्या अंधारून ठेवलेल्या, मधेच दिवे लागायचे आणि समोर जेवण यायचं. हे जेवण कुठल्या देशाच्या कुठल्या वेळेचं, हे हवाईसुंदरीलाही सांगता आलं नसतं. मी तिकडची रात्र असेल तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून पडले, तिकडचा दिवस असेल तेव्हा उठून मागच्या दारापाशी उभी राहिले. तिथं बायकांचा एक कट्टाच जमला होता. सगळ्या आया, सगळ्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या, आणि कुणाच्या पायाला किती सूज आली यावर चर्चा.

खरी गंमत उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच-तीनला मी वरणात भात कालवत होते आणि हात तिथंच थांबला. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही अशी अवस्था. त्या वेळी धाराशिवला पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले असतात. उठायच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली उतरतं आणि माणूस त्या वेळी सगळ्यात निकामी असतो. माझं तापमान तिकडं जेवणाच्या ताटावर उतरलं होतं.

"आई, झोपू नकोस गं. अजून पाच तास काढ."

"अगं, डोळे माझे आहेत का तुमच्या कॅलिफोर्नियाचे?"

"वीस मिनिटं पड. गजर लावते."

वीस मिनिटांनी तिनं खरोखरच उठवलं. पोटच्या पोरीनं आईला एवढ्या निर्दयपणे उठवायचं नसतं, पण त्यातच शहाणपण होतं. अर्ध्या तासाच्या आतली डुलकी डोकं ताळ्यावर आणते, दोन तासांची झोप रात्र खाऊन टाकते. नवरा दोन तास झोपला. रात्री एक वाजता तो स्वयंपाकघरात डबे हुडकत होता. धाराशिवला तेव्हा दुपारचा दीड, म्हणजे त्याची जेवणाची वेळ. भिंतीवरचं घड्याळ बघून पोटाला समजावणं हा प्रकार निष्फळ आहे. त्यानं चटणी-भाकरी खाल्ली आणि समाधानानं जागाच राहिला.

तक्त्यातली एक गोष्ट मला सुरुवातीला उलटी वाटली. लोक सांगतात, पोचल्यावर भरपूर उन्हात फिरा. तक्ता म्हणत होता, सकाळी आठ ते दुपारी दोन उजेडात राहा, पण दुपारी तीननंतर दोन-तीन तास काळा चष्मा लावा, नाहीतर घरातच बसा. कारण असं की त्या नीचांकी तापमानाच्या आधी डोळ्यांना उजेड मिळाला तर आतलं घड्याळ उशिराकडे सरकतं आणि नंतर मिळाला तर लवकरकडे. आपल्याला ते उशिराकडे न्यायचं असतं. माणसाचं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा थोडं लांब असल्यामुळे त्या बाजूला ते सहज जातं. म्हणून पश्चिमेचा प्रवास पूर्वेच्या प्रवासापेक्षा सोसतो. सकाळी फिरून ते एका बाजूला ओढायचं आणि संध्याकाळच्या उन्हात बसून दुसऱ्या बाजूला ओढायचं, यात ते बिचारं मधेच लोंबकळतं. रोज ही वेळ तास-दीड तासानं पुढं सरकवत न्यायची. ज्याला एवढं एक जमलं त्याला बाकीची पथ्यं कमी पाळली तरी चालतात. पाणी पिणं, चहा-कॉफी दुपारनंतर बंद, जेवण तिकडच्या वेळेला, हे सगळं ठीकच आहे. पण ही मदतनीस मंडळी झाली. मुख्य मात्रा उजेडाची आणि अंधाराची.

मेलॅटोनिनच्या गोळीबद्दल सगळे विचारतात. ती झोपेची गोळी नव्हे. अंधार पडला की मेंदू जे रसायन सोडतो, तेच ते. 'रात्र झाली' असा निरोप शरीराला देणारं. पाच किंवा अधिक तासांच्या फरकाला तिकडच्या झोपायच्या वेळी घेतली तर तिचा उपयोग होतो, असं 2002 सालच्या कॉक्रेन आढाव्यात निघालं आहे. भलत्या वेळी घेतली तर निरोप भलत्या वेळी पोचतो. अमेरिकेत ती किराण्याच्या दुकानात, चघळायच्या गोळ्यांच्या शेजारी मिळते हे मला पटलं नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते सांगून घ्यावी. त्या गोळ्यांच्या वेळा तिकडं गेल्यावर कशा बदलायच्या, हेही निघण्याआधीच कागदावर लिहून घ्यावं. आमच्या पिढीच्या प्रवाशांना हे झोपेपेक्षा जास्त महत्त्वाचं.

परत आले तेव्हा माझे दीर भेटायला आले. ते गावाकडे असतात, नळदुर्गच्या बाजूला. थोडा ऊस, बाकी तूर आणि हरभरा. मी रात्री दोनला टक्क जागी असते आणि दुपारी बसल्या जागी पेंगते, हे मी जरा कौतुकानंच सांगत होते. परदेश करून आलेल्या माणसाचा तो दागिनाच असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, तुमाला इमानात बसून जावं लागलं म्हणून कौतुक. आमी हितं बसल्या जागी दर आठ दिसाला अमेरिकेला जाऊन येताव की."

माझ्या तोंडातला घास थांबला. रात्रीची लाईट. शेतीपंपांची थ्री फेज वीज आळीपाळीनं येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि ही पाळी फिरत राहते. रात्रीची पाळी असली की दीर अकराला मोटार चालू करतात आणि पहाटेपर्यंत दारं धरतात. एका सरीत पाणी पुरं झालं की खोऱ्यानं माती ओढून ते दार बंद करायचं, पुढचं फोडायचं. मधेच फ्यूज जातो, मग चिखलातून डीपीपर्यंत चालत जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. पहाटे घरी येऊन झोपायचं तर धारा काढायच्या असतात, पोरांची शाळा असते, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ऊन असतं. जरा अंग रात्रीला सरावलं की पाळी बदलते आणि दिवसाची लाईट. माझ्या लेकीच्या तक्त्यात या प्रवाशासाठी रकाना नव्हता.

साखर कारखान्यातल्या पाळ्या, रात्री भरायच्या उसाच्या गाड्या, कॉल सेंटरमधली पोरं, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळे याच विमानात. माझ्यासारखीचं घड्याळ पंधरवड्यात तरी जुळतं. यांचं जुळू लागलं की पुन्हा ढकललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये शरीराची लय बिघडवणारी रात्रपाळी कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरली, ती उगाच नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, या मागणीत लोकांना साप-विंचवाची भीती दिसते, थंडी दिसते. ती खरीच आहे. पण त्या मागणीत माणसाची झोपही आहे, आणि ती कुठल्या मोर्चाच्या फलकावर मी वाचलेली नाही. सौर कृषी वाहिनीमुळं काही फीडरवर दिवसा वीज यायला लागली आहे. दिरांच्या फीडरवर अजून नाही.

तसं पाहिलं तर आपण सगळेच थोडे सरकलेले आहोत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, धाराशिव शहात्तरच्या जवळ. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या सूर्याला डोक्यावर यायला सरासरी पंचवीस-सव्वीस मिनिटं उरलेली असतात. मुंबईकरांनी यावरून पुष्कळ वर्षं भांडण केलं आणि आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत टिकवली. आम्ही भांडलो नाही. आमच्याकडे भांडायला दुसरे विषय पुरेसे होते.

परतीच्या प्रवासाचं पथ्य जाण्यासारखंच, कारण साडेबारा तासांचं अंतर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच पडतं. अडचण असते ती माणसांची. तिकडे घरात चार माणसं, कुणी बोलायला येत नाही. इथं उतरल्याच्या संध्याकाळी सगळी आळी. 'दमला असाल, आम्ही फार वेळ बसत नाही,' असं म्हणून तास-दीड तास बसतात. चॉकलेट वाटायचं, फोटो दाखवायचे, चहा टाकायचा, आणि तो प्यायचाही. आपल्याकडे आलेल्या माणसाला भेटणं हे कर्तव्य आहे आणि त्याला झोपू देणं हे नाही. सीमोल्लंघन करून आलेल्या देवीला आम्ही पाच दिवस कुणाला उठवू देत नाही. लेक मात्र सोळा तास उडून आली की तिला त्याच रात्री मावशीकडे जेवायला न्यायचं. यंदा ती आली तेव्हा मी स्पष्टच सांगून टाकलं, चार दिवस दुपारी कुणी यायचं नाही. दोघी-तिघी जावा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

लेक मात्र रात्री जागीच. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री आम्ही गावाकडे मुक्कामाला होतो. दीड वाजला होता आणि ती अंगणात फेऱ्या मारत होती. दिरांची रात्रीची पाळी चालू होती. ते फ्यूजची तार न्यायला घरी आले तर ही समोर.

"झोप येईना का?"

"नाही काका. माझी आत्ता दुपार आहे."

"मग चल की. दुपारचं बसून काय करायचंस. पायात बूट घाल."

ती गेली. पहाटे दोघं परत आले तेव्हा तिची पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. दीर मला सांगत होते, पोरगी दारं चांगली धरते, फक्त बॅटरी लावू देत नाही. म्हणते, काका, उजेड नको, माझं घड्याळ बिघडतं. मी म्हटलं, बाई, उजेड नसला तर साप दिसत न्हाई. घड्याळाचं मागनं बघू.